रत्न्याला आम्ही नागपूरला दिलं

रत्न्याच्या मनगटावर ते घड्याळ मी माझ्या हातानं बांधलं होतं. हे वाक्य मी आजपर्यंत कुणापुढंही उच्चारलेलं नाही. घरी नाही, दुकानात नाही, रत्न्यापुढं तर नाहीच. वाचणाऱ्याला त्यात काही विशेष वाटणार नाही. एका मित्रानं दुसऱ्याच्या मनगटाला घड्याळ बांधलं, त्यात लपवायचं काय? पण गेली काही वर्षं मी जे बोललो आणि जे गिळलं, ते सगळं या एका वाक्याला टेकून उभं आहे. रत्न्या गेला त्याला आता दीड महिना होत आला. पुरवणीच्या संपादकांनी "तुम्ही त्यांचे जवळचे, चार शब्द लिहा" असं म्हटलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो होतो. चार शब्द जुळवायला मला चांगले जमतात, आयुष्यभर तेच केलं, आणि त्यातूनच हे सगळं... असो. ओळीनं सांगतो.

बातमी आली तेव्हा आमच्या गल्लीत बऱ्याच दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. आपल्या शहरातल्या माणसाला सांगायला नको, की त्या सकाळी घरातलं कुणी दुसरं काही करत नाही. मी गच्चीवर टाकीत नळी धरून उभा होतो. खिशातला फोन दोनदा वाजला, घेतला नाही. मग बायकोनं जिन्यातून हाक मारली, "अहो, इम्रानभाईंचा फोन माझ्यावर आलाय. रडायलेत ते." इम्रान म्हणजे आमच्या बास्केटबॉल टीमचा शूटर, रत्न्याच्या पासवर जगलेला माणूस. हरलेल्या सामन्यानंतरही विनोद करणारा. तो म्हणाला, "विलासभाई, अपना कप्तान गया. पडेगाव के ग्राउंड पे. बच्चों को खिलाते खिलाते नीचे बैठा बोले... फिर उठाच नहीं." टाकी भरून पाणी गच्चीवर वाहायला लागलं, जिन्यातून खाली उतरलं, शेजारचे ओरडायला लागले, तरी मी नळी धरून तसाच. तेव्हा मला दुःख झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. दुःख नंतर आलं. आधी आली ती भीती. आणि सगळे जण "अरे, कसं काय, चांगला धडधाकट होता" असं म्हणत असताना मला एकट्याला आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

राजरत्न हे त्याचं पूर्ण नाव. वडील पिशोरला गवंडीकाम करायचे. पोरगं शिकेल म्हणून त्यांनी त्याला शहरातल्या वसतिगृहात आणून सोडलं. मी वेरूळकडचा, त्याच्यापेक्षा दोन इयत्ता पुढं. वसतिगृहाच्या मागं एका लिंबाला कुणीतरी पाण्याच्या पिंपाचं कडं ठोकलं होतं, तेच आमचं बास्केटबॉल. रत्न्या बुटका. पहिल्या दिवशी मोठ्या पोरांनी त्याला सांगितलं, "तू फक्त बॉल आणून द्यायचा." त्यानं बॉल आणून दिला, पण असा दिला की ज्याच्या हातात पडला त्याला वर बघून कड्यात टाकण्यापलीकडं काही कामच उरलं नाही. महिनाभरात सगळे त्याच्याकडूनच बॉल मागायला लागले. त्याची एक खोड होती. तो आधी बॉल सोडायचा आणि मग नाव घ्यायचा. "विल्या!" असं कानावर येईपर्यंत बॉल तोंडावर आलेला असायचा, माझ्या नाकाला आज जो किंचित कल आहे तो त्याचाच प्रसाद. एकदा मी चिडून म्हणालो, "आधी नाव घेत जा की बे!" तर म्हणतो, "आधी नाव घेतलं तर समोरच्यालाबी कळतं ना. तू माझ्याकडं बघत जा. नाव कशाला पायजे?" पुढं तो जिल्ह्याला खेळला, विद्यापीठाला खेळला, राज्याला खेळला. मी कॉलेजात आल्यावर बॉल सोडला आणि माईक धरला. सामन्यांचं समालोचन, गणपतीतले कार्यक्रम, दुकानांची उद्घाटनं. तो खेळायचा आणि मी त्याच्याबद्दल बोलायचो, अशी आमची वाटणी होऊन गेली. माईक हातात असला की माझं तोंड थांबत नाही. तो खाली ठेवला की मला स्वतःबद्दल एक धड वाक्य बोलता येत नाही. हे घरच्यांना आणि रत्न्याला माहीत होतं. तो म्हणायचा, "विल्याला काही विचारायचं असलं तर आधी त्याच्या हातात चमचा तरी द्या."

काही वर्षांपूर्वी पाच-सहा शहरांची मिळून व्यावसायिक बास्केटबॉलची एक लीग निघाली आणि आपल्या शहराची टीम दिनकरशेठनी घेतली. शेठ म्हणजे मोबाइलच्या दुकानांचे मालक, उस्मानपुऱ्यातल्या टपरीवजा दुकानातून वर आलेला रोखठोक माणूस. त्यांच्या प्रत्येक नव्या दुकानाचं उद्घाटन माझ्या आवाजात व्हायचं, म्हणून त्यांनी मला टीमचा मॅनेजर केलं. मी पहिला शब्द टाकला तो रत्न्यासाठी. तो तेव्हा चाळिशीकडं झुकलेला. शेठ म्हणाले, "विलासराव, हे तर आपले काका झाले." मी म्हणालो, "काकांना एकदा खेळताना बघा." शेठनी बघितलं आणि त्यालाच कप्तान केलं. शहरात बास्केटबॉलला तिकीट काढून माणसं येतील असं कुणाला वाटलं नव्हतं, पण आली. कॉलेजच्या पोरी गॅलरीतून ओरडायच्या, "काकाऽऽ, पास!" आणि हा घाम पुसत हात वर करायचा. सुजातावहिनी, म्हणजे त्याची बायको, माझ्याकडं बघून म्हणायच्या, "भाऊजी, यांना सांगा, घरी पण एवढं हसत जा म्हणावं."

तिसऱ्या हंगामाच्या तोंडावर शेठना एका नव्या स्मार्ट घड्याळाची मराठवाड्याची एजन्सी मिळाली. ती कंपनी आता बाजारात नाही, म्हणून नाव लिहीत नाही. घड्याळ ठोके मोजायचं, झोप मोजायची, अंगात किती दम उरलाय त्याचा आकडा द्यायचं. कंपनीला सूचना मराठीत हव्या होत्या, त्या मी करून दिल्या. जाहिरातीची ओळही माझीच: "मनगटावरचा डॉक्टर". घड्याळ बाजारात यायच्या आधी महिनाभर आम्ही शहरभर नुसता एकच शब्द लावला, "येतंय!" क्रांती चौकातल्या मोठ्या फलकावर रत्न्या हाताची घडी घालून उभा, आणि खाली "येतंय!" रिक्षांच्या मागं "येतंय!", रसवंत्यांवर "येतंय!" लोक विचारायला लागले, "काय येतंय बुवा? पाणी येतंय का?" त्यावरून वर्तमानपत्रात व्यंगचित्र आलं तर शेठ आणखी खूश. टीममधल्या सगळ्यांना घड्याळं वाटली. आठवड्यात ज्याचा दमाचा आकडा सगळ्यात जास्त, त्याला शुक्रवारी शेठकडून नान-खलियाचं मटणाचं जेवण. झालं! आमच्या पोरांनी दुसऱ्याच दिवसापासून अदलाबदल सुरू केली. ज्याला खलिया खायचा तो आपलं घड्याळ टीममधल्या सगळ्यात धावऱ्या पोराच्या हाताला बांधायचा. इम्राननं तर कमाल केली. "मैंने अपनी घडी मामू के घोडे को बांध दी," तो सगळ्यांसमोर सांगत होता, "बरात में दो घंटे नाचा वो. इस हफ्ते का खलिया मेरा, और चने घोडे के." त्या आठवड्यात टीममधला सर्वांत तंदुरुस्त खेळाडू म्हणून वरातीतला घोडा निवडून आला. आम्ही पोट धरून हसलो. रत्न्या सगळ्यात जास्त हसला. त्या घड्याळाचा आकडा ही आमच्यात चेष्टेची गोष्ट होऊन बसली होती, आणि मी मात्र संध्याकाळी माईकवर त्याच आकड्याच्या आरत्या ओवाळत होतो.

सोहळा जालना रोडवरच्या एका लॉनवर ठरला. कल्पना पुन्हा माझीच. धुराचे लोट, ढोल, आणि मधोमध रत्न्या बॉलचे टप्पे घेत येणार. त्याच्या मनगटावरचं घड्याळ मागच्या मोठ्या पडद्याला जोडलेलं, आणि सगळ्या शहरासमोर कप्तानाच्या काळजाचे ठोके पडद्यावर धडधडणार. शेठ खुर्चीतून उठून मला कडकडून भेटले. सोहळ्याच्या थोडे दिवस आधी सकाळी स्टेडियमवर रंगीत तालीम ठेवली. त्या दिवशी घोड्याचा खेळ चालणार नाही असं मी सगळ्यांना बजावलं होतं. घड्याळं माझ्या पिशवीत होती, सगळ्यांचे आकडे माझ्याच फोनवर यायचे, आणि मी ती एकेकाला नाव बघून देत होतो. रत्न्याच्या बोटांना नेहमीसारखी टेप गुंडाळलेली, त्याला बक्कल लावता येईना. त्यानं हात पुढं केला. "बांध बे. आज राखी समज. ओवाळणी मागू नको फक्त." मी बांधलं. एक घर जास्त आवळलं, सैल राहिलं तर आकडा नीट येत नाही म्हणून. त्यानं मैदानाच्या फेऱ्या मारल्या, टप्पे घेतले, आणि माझ्या फोनवर लाल अक्षरं आली: "हृदयाचे ठोके अनियमित. डॉक्टरांना दाखवा." मराठी माझंच होतं. मी त्याला बसवलं, पाणी प्यायला लावलं, परत धावायला लावलं. परत तीच लाल ओळ. इम्रान माझ्या खांद्यावरून डोकावला, "किसका है?" मी म्हणालो, "अदलाबदल झाली असेल यार." "घोडे का होगा," तो हसत गेला. पलीकडच्या कड्याखालून रत्न्यानं हाक मारली, "काय म्हणतोय तुझा डॉक्टर?" मी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडलो, "म्हणतोय काका अजून जवान आहेत!" त्यानं टेप गुंडाळलेला अंगठा वर केला.

मी तेव्हा स्वतःला काय सांगितलं ते अजून पाठ आहे. घड्याळ फालतू आहे. घोड्यालाही ते खेळाडू समजतं. टेपमुळं चुकलं असेल. यातलं प्रत्येक वाक्य खरंही असू शकत होतं. फक्त इम्रानला सांगितलेली अदलाबदल खरी असू शकत नव्हती, कारण ते घड्याळ मी माझ्या हातानं बांधलं होतं. पण घड्याळ फालतू आहे असं शेठना सांगितलं तर सोहळा बुडत होता. घड्याळ खरं आहे असं सांगितलं तर कप्तान बुडत होता आणि त्याच्यासोबत सोहळाही. दोन्हीकडून माझा माईक जात होता. मी फोन खिशात टाकला आणि कुणालाच काही सांगितलं नाही. नेमका त्याच दिवसांत नागपूरचा प्रस्ताव आला. त्यांच्याकडं हरजोत नावाचा उंचपुरा, सिनेमात शोभेल असा खेळाडू होता. त्याचं त्यांच्या कोचशी बिनसलं होतं, आणि त्याचा गुडघा धड नाही हे सगळ्या लीगला माहीत होतं. त्याच्या बदल्यात त्यांना रत्न्या हवा होता, कारण त्यांच्याकडं उंच पोरं भरपूर, पण त्यांना बॉल देणारा कुणी नव्हता. खेळ कळणाऱ्या कुणालाही हा सौदा हसण्यासारखा वाटला असता. शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. "पोरगं दिसायला लई भारी, विलासराव. नुसतं स्टेजवर उभं राहिलं तरी घड्याळ विकून जाईल. पण तुमचा मित्र जातो. मला खेळातलं काय कळत नाय. तुम्ही नाय म्हणा, मी आत्ता फोन ठेवतो." त्यांनी खरंच फोन कानापासून लांब धरला होता. मी म्हणालो, "द्या."

शहरात आजही लोक म्हणतात, शेठनी फलकासाठी कप्तान विकला. शेठनी ते कधी खोडलं नाही आणि मीही नाही. शेठ मला विचारत होते आणि मी "द्या" म्हणालो, हे पहिल्यांदा इथं लिहितो आहे. आणि का म्हणालो, तेही. माझ्या मनात आलं होतं, की याला काही व्हायचंच असेल तर ते आपल्या मैदानावर, आपल्या पडद्यासमोर, माझ्या हातात माईक असताना नको. हाच विचार, याच शब्दांत. म्हणजे त्याला पाठवून देण्याइतका माझा त्या लाल ओळीवर विश्वास होता. त्याला दवाखान्यात नेण्याइतका नव्हता. संध्याकाळी नागपूरच्या मॅनेजरचा फोन आला. भला माणूस होता. त्यानं विचारलं, "वय जास्त आहे हो, तब्येत कशी आहे त्यांची? तुम्ही जवळचे म्हणून विचारतो." मी म्हणालो, "ठणठणीत."

रत्न्याला मी स्वतः सांगणार होतो. कसं सांगायचं ते जुळवत होतो, पण फ्लेक्सवाले एक दिवस आधीच कामाला लागले. दुपारी त्याचा फोन आला, "विल्या, क्रांती चौकात ये लवकर. माझ्या नाकावर त्या पोराचा गुडघा चिकटवायलेत बे." मी स्कूटर काढून गेलो. तो फलकाखाली हेल्मेट हातात धरून वर बघत उभा होता. दोन माणसं वर शिडीवर, रत्न्याचं कपाळ आणि घडी घातलेल्या हातांचा एक कोपरा अजून दिसत होता, मधे हरजोतचे पाय. रत्न्या हसत होता. मी जवळ गेल्यावर त्यानं हसणं थांबवलं. "माझं काय चुकलं तेवढं सांग." मी रस्त्याकडं बघून म्हणालो, "शेठचा निर्णय आहे रे. माझं काही चाललं नाही." माझ्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "व्हय का... जाऊ दे मग. तू भांडला असशील, माहितंय मला." समोरच्या गाडीवर त्यानं मला चहा पाजला. मी प्यालो. निघताना म्हणाला, "त्या पोराला सांग, इम्रानला डाव्या हाताला बॉल दे. उजव्याला दिला तर तो विचार करत बसतो."

सोहळा दणक्यात झाला. धूर निघाला, ढोल वाजले, हरजोत आला आणि पडद्यावर त्याच्या तरण्याबांड काळजाचे ठोके हिरव्या रेषेत नाचले. लोकांनी मोबाइल वर धरले. मी माईकवर काय काय बोललो ते मला आता आठवत नाही, पण माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. हरजोतचा गुडघा हंगाम सुरू झाल्यावर थोड्याच सामन्यांत गेला. बिचारा पोरगा, त्याचा यात काही दोष नव्हता. आम्ही तळाला राहिलो. इम्रान कड्याखाली मोकळा उभा राहायचा आणि बॉल यायचाच नाही. घड्याळांच्या तक्रारी यायला लागल्या, पट्टे तुटले, काचा धुरकट झाल्या, मग कंपनीच गायब झाली आणि पुढच्या वर्षी टीमही. शेठ परत दुकानांत रमले. मी पैठण गेटजवळ मोबाइलच्या कव्हरांचं आणि चार्जरचं छोटं दुकान टाकलं. माईक सोडला. का सोडला असं लोक विचारायचे, तेव्हा घसा बसतो असं सांगायचो.

नागपूरला रत्न्याचं फारसं काही जमलं नाही. तिथल्या कोचनं त्याला बहुतेक वेळ बाकावर बसवलं. दर रविवारी फोन यायचा. "संत्री चांगली आहेत बे इथं. पास घ्यायला कोणी नाय." एकदा म्हणाला, "दुसऱ्या अर्ध्यात दम पुरत नाय आता. कोच म्हणतो वय झालं." मी म्हणालो, "पाण्याचा फरक असेल." कुठून आलं ते वाक्य मला, देव जाणे. त्यानं मला एकदाही टोमणा मारला नाही. मारला असता तर कदाचित माझं तोंड उघडलं असतं... हाही बहाणाच आहे, कळतंय मला. हंगाम संपल्यावर तो परतला, पडेगावला घर होतंच, तिथल्याच एका शाळेच्या मैदानावर सकाळी पोरा-पोरींना शिकवायला लागला. मी त्याला कधी इतका समाधानी बघितलेला नव्हता. लीगमध्ये नव्हता तेवढा.

शेवटची भेट माझ्या दुकानातली. दुकान पहिल्या मजल्यावर, जिना उभा. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मला त्याचा आवाज आला, "विल्या, दुकान खाली घे बे, गिऱ्हाईक वर येईस्तोवर म्हातारं होतंय." मी हसत बाहेर आलो तर तो अर्ध्या जिन्यावर पायरीवर बसला होता. एक हात कठड्यावर. चेहरा राखेसारखा. मी पाणी नेऊन दिलं. तो एक घोट घेऊन थांबला, परत एक घोट. "काय नाय," म्हणाला, "मधेच असं होतं कधी कधी. परत बरं वाटतं." मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो. सगळं तोंडाशी आलं होतं. राखी, लाल अक्षरं, नागपूर, सगळं. ते सगळं नसतं सांगितलं तरी चाललं असतं. फक्त "उठ, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं जाऊ" एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं, एवढी घाई का? आणि मग पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "चहा घेणार?" तो म्हणाला, "घेतो की." आम्ही चहा घेतला. त्यानं पोरींच्या टीमसाठी दोन शिट्ट्या घेतल्या आणि जिना सावकाश उतरून गेला.

त्यांच्याकडच्या पद्धतीप्रमाणे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम पडेगावच्या घरासमोर मांडव घालून झाला. बुद्धवंदना झाली, माणसं बोलली. मला बोलायला सांगितलं तर मी हात जोडले. इम्रान बोलला, रडत आणि हसवत, घोड्याची गोष्टही सांगितली. माणसं पांगल्यावर सुजातावहिनी माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. त्या अंगणवाडीत शिकवतात. लहान मुलांशी बोलताना असतो तसा त्यांचा आवाज कायम मऊ असतो. म्हणाल्या, "भाऊजी, डॉक्टर म्हणाले, हे एका दिवसाचं नसतं. आधी कधी ना कधी दिसलं असणार म्हणाले. टीमचं सगळं तुम्ही बघत होता. तुम्हाला कधी काही दिसलं होतं का हो?" मी म्हणालो, "नाही वहिनी. पोरांना ऐकत नव्हता, असा पळायचा." त्यांनी मान हलवली. मांडवाच्या कनातीकडं बघत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "म्हणजे माझंच लक्ष नव्हतं. एका घरात राहून मला दिसू नये..."

हे ऐकूनही मी उठून घरी आलो. हेच मला सगळ्यात जड जातंय. जिवंत माणसाला फसवलं, त्याचं निदान कारण तरी होतं, लाजिरवाणं का होईना. आता तर गमवायला काहीच उरलेलं नव्हतं. शेठचा सोहळा नव्हता, माईक नव्हता, टीम नव्हती. नुसती सवय उरली होती. आणि त्या सवयीपायी एका बाईनं माझ्यासमोर माझा दोष आपल्या पदरात घेतला आणि मी तो घेऊ दिला.

मागच्या आठवड्यात मी पडेगावच्या त्या मैदानावर गेलो. मुलांचं शिकवणं आता इम्रान बघतो, दर सकाळी स्कूटरवर शहर ओलांडून येतो. मुलं फेऱ्या मारून आली आणि कुणी न सांगता ओळीत उभी राहिली. प्रत्येकानं दोन बोटं मानेच्या बाजूला लावली, डोळे मिटले आणि ओठ हलवत मोजायला लागली. मी इम्रानकडं बघितलं. तो म्हणाला, "कप्तान ने सिखाया. घडी पे भरोसा नक्को, बोलता था, अपनी नब्ज अपने हाथ से देखो." मोजून झाल्यावर एका मुलीला मी विचारलं, सर पण मोजायचे का तुमच्यासोबत? ती म्हणाली, "व्हय, रोज. पण सरांचं मोजताना चुकायचं." कसं चुकायचं? "सर म्हणायचे, माझं गाडं मधेच अडखळतं, मग दोन उड्या मारतं. आम्ही हात लावून बघायचो, खरंच अडखळायचं. आम्ही हसायचो." तिनं परत आपली बोटं मानेला लावली, मला दाखवायला. "सरबी हसायचे."

म्हणजे ते त्याच्या बोटांना रोज लागत होतं. दुसऱ्या कुणाला तरी ते आधी दिसलेलं आहे, यंत्रानं लाल अक्षरांत सांगितलेलं आहे, एवढं कळलं असतं तर तो हसला नसता. भित्रा नव्हता, पण मूर्खही नव्हता. पोरींची मॅच असती तरी ती सोडून दवाखान्यात गेला असता. वाचला असता का, मला माहीत नाही. त्याला तेवढं कळायला हवं होतं.

मुलं खेळायला लागली. मी भिंतीच्या कडेनं बाहेर पडलो. सुजातावहिनींचं घर मैदानापासून हाकेच्या अंतरावर, दार उघडं होतं, मी त्याच्यासमोरून गेलो आणि थांबलो नाही. घरी येऊन हे लिहायला बसलो, कारण मला कागदावर जमतं. संपादकांनी सांगितलंय, हा लेख रविवारी येईल. त्याआधी शनिवारी मी पडेगावला जाणार आहे. रत्न्याचं देणं आता फिटण्यासारखं नाही, तो हिशेब माझ्याबरोबरच जाईल. पण "वहिनी, तुमचं लक्ष होतं, मला दिसलं होतं आणि मी सांगितलं नाही" एवढं, त्यांच्या तोंडाकडं बघून, माझ्या तोंडानं सांगणं, हे देणं मी सुजातावहिनींचं अजून लागतो.